अण्णांचा चष्मा आणि पद्मूची राखण

अण्णांच्या घरात दसऱ्याला सरस्वतीपूजन असतं, आणि त्या अर्ध्या तासात त्या घरातल्या कोणालाच काही दिसत नाही. पाटावर पुस्तकं मांडतात, वही-पेन ठेवतात आणि पुस्तकांच्या वर घरातले सगळे चष्मे. मधोमध एक पत्र्याची डबी असते. तिच्यात अण्णांच्या आजोबांचा चष्मा, वडिलांचा चष्मा आणि खुद्द अण्णांना नवव्या वर्षी गुलमंडीच्या बाजारातून आणलेला पहिला चष्मा. मग हळद-कुंकू, फूल, आरती. अण्णा निरांजन ओवाळतात ते अंदाजाने. एका वर्षी त्यांनी सरस्वतीऐवजी टेबलफॅनला ओवाळलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेजारी म्हणून मला दर वर्षी बोलावणं असतं, आणि खरं सांगायचं तर मी प्रसादापेक्षा त्यासाठीच जातो.

अण्णा म्हणजे अनंतराव. पुंडलिकनगरात आमच्या दोघांच्या घरांमध्ये छातीएवढी एक भिंत आहे. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी छत्तीस वर्षं काढली. निजामाच्या काळातले उर्दू दस्त, मोडीतली बाडं, सगळं तोंडपाठ. नंबर उणे अकरा. लोक आपली जमीन किती एकर ते ज्या सुरात सांगतात, त्या सुरात अण्णा तो आकडा सांगतात. मुलगा केशव उणे सहा, सूनबाई उणे तीन, दमयंतीकाकू उणे चार. वाचायचा चष्मा मलाही आहे, पण तो अण्णा हिशेबात धरत नाहीत.

"तो वयाचा, बन्सीराव," ते मला म्हणाले होते. "आमचा विद्येचा."

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. मी काय बोलणार?

अण्णांचा एक सिद्धांत होता. त्यांच्या घरात विद्येचं वारं आहे आणि जो त्या घरात राहतो त्याला चष्मा लागतोच. पुरावा म्हणून ते दमयंतीकाकूंकडे बोट दाखवायचे. पैठणहून लग्न होऊन आली तेव्हा डोळे कसे ठणठणीत, आणि सहा महिन्यांत चष्मा लागला! मग ओघानेच लग्नाची गोष्ट यायची. गोरज मुहूर्त, सप्तपदी झालेली, भटजींनी अंगणात नेऊन सांगितलं की वधूला अरुंधतीचा तारा दाखवा. अण्णांनी बोट केलं आणि काकू तत्क्षणी म्हणाल्या, "दिसली." वसिष्ठाच्या शेजारची ती बारीकशी चांदणी भल्याभल्यांना दिसत नाही म्हणे. काकूंनी पहिल्या झटक्यात पाहिली. ही गोष्ट मी निदान वीस लग्नांत ऐकली असेल. अण्णा ती सांगायला लागले की काकू उठून आत चहा टाकायला जायच्या. मला वाटायचं, लाजतात.

दोन वर्षांपूर्वी, शाळा सुरू व्हायच्या वेळेला, केशवची मुलगी पद्मजा आठ वर्षांची होती. अण्णांच्या आईचं नाव तिला ठेवलेलं, त्यामुळे वर्गात चार आर्या आणि तीन सान्वी, त्यात ही एकटी पद्मजा. आम्ही तिला पद्मू म्हणायचो. त्या घरात चष्म्याशिवाय वावरणारी ती एकटीच, आणि अण्णांना ते जरा खटकायचंच. "लागेल, लागेल," ते डबीवरून हात फिरवत म्हणायचे. बाकी सोय सगळी होतीच. पुस्तकांना धूळ लागते म्हणून त्या घराच्या खिडक्या बारा महिने बंद. शाळेतून आली की पद्मू शिकवणीला, शिकवणीहून आली की पलंगावर पालथी, नाकापासून चार बोटांवर गोष्टीचं पुस्तक, आणि पुस्तक संपलं की आईचा मोबाइल. बाहेर जायची ती फक्त रिक्षात बसायला. अण्णा कौतुकाने म्हणायचे, पोरगी उंबरठासुद्धा ओलांडत नाही.

पण सूनबाई जागी होती. तिने पद्मूला क्रांती चौकातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, आणि सोबत अण्णा गेले. पुढचं सगळं मला अण्णांनीच त्या संध्याकाळी भिंतीवरून सांगितलं. त्या दिवशी त्यांचा आवाज मला वेगळा लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की नंबर अजून नाही, पण पोरगी अगदी काठावर आहे. आईबापांना दोघांनाही नंबर, म्हणजे हिला लागायची शक्यता जास्तच. ते काही आपल्या हातात नाही. जे हातात आहे ते करा. पुस्तक हातभर लांब धरायचं, उजेडात बसायचं, अर्ध्या तासाने मान वर करून लांब कुठेतरी बघायचं आणि रोज दिवसाउजेडी दोन तास घराबाहेर. "खेळूदे, भटकूदे, काहीही करूदे. पण छताखाली नको. दसऱ्यानंतर परत दाखवा."

अण्णा हसून म्हणाले होते, "लागला तर लागला हो. आमच्या घराण्यात आहेच. मला पाहा, अकरा आहे."

त्यावर बाईंनी त्यांच्या उजव्या डोळ्याचं विचारलं. चार वर्षांपूर्वी अण्णांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याला आता नुसती सावली कळते. अण्णांनी ते म्हातारपणाच्या खाती टाकून दिलं होतं. बाई म्हणाल्या, "म्हातारपण असतंच, आजोबा. पण इतका मोठा नंबर असला की पडदा सुटायचा धोका फार वाढतो. म्हणून तर लहानपणी नंबर पळू द्यायचा नसतो."

"म्हणजे हा डोळा त्या अकराने खाल्ला, बन्सीराव," अण्णा मला म्हणाले. "आणि मी पोरीच्या अकराची वाट बघत बसलो होतो."

दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी पद्मूला बाहेर काढण्याचं काम अंगावर घेतलं. आईबाप दोघं बँकेत, तेव्हा दुसरं होतंच कोण? साडेचारला फाटक वाजलं. पुढे अण्णा, एका काखेत घडीची खुर्ची, दुसऱ्या काखेत छत्री. मागे पद्मू, दप्तर घेऊन. आमच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट आहे. त्याचा मालक पुण्याला असतो. लोक कचरा टाकतात म्हणून त्याने माझ्या आईला, सरूबाईला, सांगितलं होतं की आजी, काहीतरी पेरा. आईने ज्वारी पेरली आणि कडेने तूर. त्या प्लॉटच्या कोपऱ्यात अण्णांनी खुर्ची मांडली, पद्मूला समोर बसवलं, दोघांच्या डोक्यावर छत्री उघडली आणि म्हणाले, "हं, सतराचा पाढा."

आई खुरपं टाकून बघायला आली. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. वेशीवरचा माणूस ओळखते, पण सुई ओवता येत नाही.

"अण्णा, पोरीला भायेर आणलं व्हय हे?" ती म्हणाली. "हे तर घरच उचलून आणलं की तुमी."

"मग काय करू, सरूबाई? बाहेर बसून करायचं तरी काय असतं?" अण्णांनी हे अगदी मनापासून विचारलं. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला ते माहीतच नव्हतं.

"काय करायचं म्हंजी? राखण कर म्हणावं. कणसं भरू द्या, मंग पोपट लई येतेत. तवर चिमण्या हाय, व्हले-पारवे हाय. आमी ल्हानपनी दिवस दिवस शेतातल्या माळ्यावर उभ्या ऱ्हायाचो. पाखरू आभाळात दिसलं की हाळी द्यायची. शेतात उतरल्यावर दिसून काय उपेग?"

तर अशी पद्मू राखणीला लागली. आईने तिला एक फुटकी थाळी आणि पळी दिली. शेतीच्या अवजारांतलं तिला तेवढंच झेपत होतं. पहिल्या आठवड्यात तिने चिमण्यांपेक्षा आम्हालाच जास्त पळवलं. मग मला वर्कशॉपचा जुना ड्रम सापडला, त्यावर फळी टाकून माळा केला. पद्मू त्याच्यावर उभी राहून लांब पाण्याच्या टाकीपर्यंत नजर फिरवायची. माळ्याच्या बदल्यात ती आईच्या सुया ओवून द्यायची, एका वेळी दहा. अण्णा खुर्चीवर बसून, हातात पेपर उलटा धरून, "आग्नेयेकडून काही येतंय का बघ" असं कचेरीतल्या हुकमासारखं सांगायचे. कणसं भरायला लागली तशी खुर्ची मागे पडली. एका संध्याकाळी मी पाहिलं, अण्णा धोतराचा सोगा खोचून हो-हो करत ज्वारीच्या दोन ओळींमधल्या तासातून धावत होते. समोर एकही पाखरू नव्हतं. असतं तरी त्यांना दिसलं नसतं, पण पद्मूने दिशा सांगितली होती आणि तेवढं त्यांना पुरे होतं.

घरच्या खिडक्याही उघडल्या. पुस्तकांवर धूळ बसली. दमयंतीकाकू ती रोज पुसायच्या.

फक्त एक सवय अण्णांना लागली होती, आणि ती चांगली नव्हती. रोज घरी जाताना ते पद्मूला विचारायचे, "टाकीवर काय लिहिलंय, वाच." पद्मू भराभर वाचायची. "दिसतं ना?" "दिसतं." मग अण्णा असे ऐटीत चालायचे की जणू त्यांचाच नंबर उतरला.

दसरा आला. मी सकाळी आपट्याची पानं घेऊन त्यांच्याकडे गेलो. आई मागच्या दाराने काकूंना हातभार लावायला आधीच आली होती आणि स्वयंपाकघरात बसून नारळ सोलत होती; अण्णांना त्याचा पत्ता नव्हता. पाटावर चष्मे मांडून झाले होते. केशव चाचपडत काडेपेटी शोधत होता. अण्णा सोवळं नेसून पूर्वेकडे तोंड करून बसले होते, निदान त्यांच्या समजुतीने.

"सरूबाई आल्या की सुरू करू," ते म्हणाले. "पद्मू, तुझे डोळे चांगले. बघ गं, निघाल्या का?"

पद्मू दारात गेली. दारातून आमच्या घराशेजारचा प्लॉट सरळ दिसतो, असेल चाळीस पावलं. "हो," ती म्हणाली. "प्लॉटवर आहेत. हिरवं पातळ नेसल्यात. सरूआजी, चला लवकर!" आणि तिने हात हलवला.

मी बाहेर पाहिलं. प्लॉटवर बुजगावणं उभं होतं. मी आदल्या रात्री केलं होतं, काठीला आईचं जुनं हिरवं पातळ गुंडाळून, डोक्याला मडकं.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली, हातात नारळ. "म्या इथं हाय की गं," ती म्हणाली. "तिथं कोणाला बलवायली?"

केशव हसला, सूनबाई हसली, मीही हसलो. मडक्याचं तोंड आणि आईचं तोंड यात फरक कळला नाही म्हणून आईही हसली. दमयंतीकाकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पाटावर हात फिरवून आपला चष्मा शोधला, घातला, पद्मूला जवळ ओढलं आणि विचारलं, "टाकीवरचं तू पाठ केलंयस ना?"

पद्मूने मान खाली घातली. पाठ केलं होतं. पावसाळ्यात दिसत होतं, तेव्हाच.

"दिसत नव्हतं तर 'दिसतं' असं का म्हणायचीस?" काकूंनी विचारलं.

"नाही म्हटलं की चष्मा लागणार," पद्मू म्हणाली. "चष्मा लागला की घरात बसून वाचायचं असतं. आजोबा म्हणतात तसं. मग राखण कोण करणार?" आणि ती रडायला लागली.

काकूंनी तिचे डोळे पुसले. मग सगळ्यांसमोर, अगदी शांतपणे, त्यांनी पन्नास वर्षांचं झाकण उघडलं. "मीही असंच म्हणायचे. मला तेराव्या वर्षीच चष्मा लागला. हे मला बघायला आले तेव्हा मामांनी तो काढून ट्रंकेत टाकला. चष्मेवाली पोरगी कोण करतंय? लग्नानंतर सहा महिने मी या घरात पावलं मोजून चालले. दोनदा साखर समजून मीठ घातलं. सासूबाई म्हणाल्या, नवीन आहे, शिकेल. मग एक दिवस म्हटलं, लागला चष्मा."

अण्णा पाटासमोर बसून होते. सिद्धांताचा मुख्य पुरावाच फुटला होता. त्यांचा चष्मा पाटावर, केशवचा पाटावर, सूनबाईचाही पाटावर, त्यामुळे तेव्हाचा अण्णांचा चेहरा काकूंनी आणि आम्ही मायलेकांनीच नीट पाहिला. मला वाटलं होतं चिडतील. पण ते हात पुढे करून पद्मूला शोधत होते. सापडली तेव्हा तिचं डोकं धरून म्हणाले, "राखण तुझीच. चष्मा लागो, दुर्बीण लागो. फक्त दिसत नसलं की नाही म्हणायचं. एवढं कर माझ्यासाठी."

नंबर निघाला, उणे पाऊण. डॉक्टरीणबाईंकडून परत आल्यावर अण्णा सरळ भिंतीशी आले.

"पोरगी चार महिने उन्हात उभी राहिली, मी सोबत धावलो, आणि तरी लागलाच."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, काही रक्तातलं असतं, काही सवयीतलं. कोणाचं किती ते मोजता येत नाही. बाहेर नसती गेली तर कदाचित आधी लागला असता, जास्त लागला असता. बाहेर जाणं सोडू नका म्हणाल्या. आणि चष्मा घालूदे, घातल्याने नंबर वाढत नाही. 'कदाचित' म्हणाल्या, बन्सीराव. मी छत्तीस वर्षं रेकॉर्डला काढली. आमच्याकडे 'कदाचित' हा शब्द चालत नसे."

आई पलीकडे बसून तुरीतलं तण काढत होती. ती म्हणाली, "आमचं सगळंच कदाचितवर हाय, अण्णा. तरी पेरतोच की."

दुसऱ्या दिवशी साडेचारला फाटक वाजलं. पद्मूच्या नाकावर निळा चष्मा होता. ती माळ्यावर चढली, ज्वारीवर थवा उतरत होता, आणि थाळी वाजवायचं सोडून ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "सरूआजी, पोपटाच्या गळ्यात कडं असतं?"

"असतंय की. कधीच असतंय."

"गुलाबी," पद्मू म्हणाली. तोवर पोपटांनी चार कणसं खाऊन टाकली. एरवी आईने त्या पोपटांना सात पिढ्या आठवून दिल्या असत्या.

ज्वारी निघाली, मग तूर निघाली, मग राखायला काही उरलं नाही. तेव्हा आईने दोन वाफे मेथी टाकली. मेथीला कोण पाखरू येतंय? पण अण्णा आणि पद्मू रोज राखायला यायचे. दीड पोतं ज्वारी झाली होती. त्यातली एक पायली आई अण्णांच्या घरी देऊन आली, राखणीचं बलुतं म्हणून. अण्णांनी ती देवघरात ठेवली, पत्र्याच्या डबीशेजारी.

मे महिन्यात पद्मूचे डोळे पुन्हा तपासले. पाऊणच. सहा-सात महिन्यांत तसूभर हललेला नव्हता. बाई म्हणाल्या, छान, पण अजून बरीच वर्षं लक्ष ठेवायचं आहे. अण्णांनी गल्लीत पेढे वाटले. नंबर न वाढल्याचे पेढे त्या घरातून पहिल्यांदाच आले असतील.

त्याच संध्याकाळी, असतील आठ, लाइट गेली. उकाड्याने सगळी गल्ली गच्चीवर आली. त्यांची गच्ची आणि आमची गच्ची एकमेकींना लागून आहे. चांगलं काळोखी आभाळ होतं, आणि पेढ्यांनी अण्णांना उत्साह आलेला. त्यांनी सुरू केलं, "आमच्या लग्नात, पद्मू, गोरज मुहूर्त होता." दमयंतीकाकू उठल्या, पण लाइट नव्हती, जिना अंधारात होता, म्हणून परत बसल्या.

"मी असं बोट केलं," अण्णांनी बोट केलं, "आणि म्हटलं, ती बघ अरुंधती."

पद्मूने बोटाच्या रेषेत पाहिलं. "आजोबा, तो मोबाइल टॉवरचा दिवा आहे."

मी तोंडात पेढा कोंबला, हसू येऊ नये म्हणून.

"सप्तर्षी तिकडे, वर आहेत," पद्मू म्हणाली. "आमच्या बाईंनी शिकवलंय. शेपटीत तीन तारे आहेत ना, त्यातला मधला वसिष्ठ. त्याला चिकटून अगदी बारीक एक आहे. मला दिसतेय. तुम्हाला दिसतेय?"

अण्णांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला. एवढ्या वर्षांच्या सवयीने 'दिसली' हा शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला होता. मला तो ऐकू यायचाच बाकी होता.

"नाही दिसत," अण्णा म्हणाले. "तेव्हाही नव्हती दिसली. फोटोत चष्मा नको म्हणून तो खिशात ठेवला होता. मी आपलं आभाळाकडे बोट केलं."

"बोटसुद्धा मला दिसलं नव्हतं," दमयंतीकाकू म्हणाल्या.

कोणी काही बोलायच्या आत काकूच हसायला लागल्या आणि मग अण्णा. दोघं म्हातारे एकमेकांना धरून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पद्मूला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. तिने एका हाताने आजोबांचं बोट धरलं, दुसऱ्या हाताने आजीचं, आणि दोन्ही वर नेऊन बरोबर जागी लावली. "इथे. हलवू नका."

त्यांनी हलवली नाहीत. हात भरून आले असतील, पण दोघं तसेच राहिले.

आमच्या गच्चीवरून आईने विचारलं, "दिसली का मंग, अण्णा?"

"नाही, सरूबाई," अण्णा म्हणाले. "पण आहे. पद्मू बघतेय."